न पाहिलेले पुस्तक : पेण-रोह्याच्या वाचकाची निवड

१/
पेण भोगावतीच्या काठी, रोहा कुंडलिकेच्या. कुलाबा जिल्ह्यातील भात आणि मीठ खाड्यांच्या वाटेने मुंबईला जाई. पुस्तके उलट दिशेने यावी लागत. एकोणिसाव्या शतकात मराठी ग्रंथ प्रामुख्याने मुंबई-पुण्यात छापले जात. जे पुस्तक हाताळता येत नाही, ते घेण्याजोगे आहे हे इथल्या वाचकाने ठरवायचे कसे?

२/
१८६७ च्या कायद्याने प्रत्येक छापील पुस्तकाची सरकारदरबारी नोंद सक्तीची झाली. काय छापले गेले, हे त्यावरून कळे. वाचण्याजोगे काय, हे सांगण्याचे काम मासिकांनी उचलले. त्याच वर्षी मुंबईत सुरू झालेल्या ‘विविधज्ञानविस्तारा’त नव्या पुस्तकांची परीक्षणे येऊ लागली.

३/
१८७४ मध्ये विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी पुण्यातून ‘निबंधमाला’ सुरू केली. भीड न बाळगता लिहिणारा टीकाकार म्हणून त्यांचा दरारा होता. पुढे ‘किताबखाना’ हे पुस्तकांचे दुकानही त्यांनी काढले.

४/
१८७७ मध्ये टपाल खात्याने व्ही. पी. सुरू केली. विक्रेत्याने पुडके पाठवायचे, टपालवाल्याने दारात पैसे घ्यायचे. मुंबईहून येणाऱ्या नातलगाची वाट पाहण्याची गरज त्यामुळे उरली नाही. मात्र पुडके उघडण्यापूर्वीच पैसे मोजावे लागत. साहजिकच सारी भिस्त परीक्षणावर राहिली.

५/
या भिस्तीला दुसरी बाजूही होती. जोतीराव फुल्यांचे ‘गुलामगिरी’ १८७३ चे. चिपळूणकरांनी ‘निबंधमाले’त फुल्यांच्या लेखनाची, विशेषतः त्यांच्या भाषेची आणि व्याकरणाची, खिल्ली उडवली. केवळ ‘माला’ वाचून पुस्तके मागवणाऱ्याच्या घरी ‘गुलामगिरी’ येण्याचा संभव फारच थोडा. पुढे १९६९ मध्ये महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने फुल्यांचे समग्र वाङ्मय प्रसिद्ध केले.

६/
स्तुती-निंदेपलीकडचा एक मार्ग शंकर गणेश दाते यांनी दाखवला. १८०० ते १९३७ या काळातील मराठी पुस्तकांची त्यांची ‘मराठी ग्रंथसूची’ १९४३ मध्ये निघाली. टीकाकाराने झिडकारलेले पुस्तकही सूचीत आपल्या जागी सापडते.

७/
जानेवारी १९६४ मध्ये केशवराव कोठावळे यांनी मुंबईत ‘ललित’ सुरू केले. नव्या पुस्तकांची वार्ता, परीक्षणे, ‘चोखंदळ वाचकांची निवड’ आणि ‘ठणठणपाळ’ या नावाने जयवंत दळवींचे खुसखुशीत सदर त्यात असे. १९६७ च्या ग्रंथालय कायद्याने सार्वजनिक वाचनालयांना अनुदानाचा आधार दिला. तुटपुंज्या रकमेत खरेदी करणाऱ्या तालुक्याच्या वाचनालयाला अशा मासिकाचा मोठाच उपयोग. रोह्यापर्यंत रेल्वे आली ती १९८६ मध्ये. पुस्तकांची खबर त्याच्या कितीतरी आधी टपालाने येऊ लागली होती.

८/
आज शिफारस पॉडकास्टमधून कानावर पडते, न्यूजलेटरमधून फोनवर येते आणि पुस्तक दोन-चार दिवसांत पेणच्या दारात पोहोचते. अंतराची अडचण मिटली, तरी शिफारस करणारा स्वतः पुस्तके विकतो का आणि कोणाच्या पुस्तकांविषयी तो सतत मौन पाळतो, हे दोन प्रश्न कायम आहेत. ‘गुलामगिरी’चे उदाहरण सांगते की टीकाकार विद्वान आणि निर्भीड असला, तरी त्याच्या एकट्याच्या शब्दावर वाचनाची यादी ठरवू नये.