संगमावरची आग आणि आपली हार्ड डिस्क

मंडळी, ५ नोव्हेंबर १८१७ ची खडकीची लढाई आपण शाळेत चार ओळींत उरकली. बापू गोखले, पेशव्यांची हार, झालं. पण त्या दिवशी आणखी काहीतरी गेलं, त्याबद्दल कुणी फारसं बोलत नाही.

इंग्रजांचा रेसिडेंट माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन तेव्हा मुळा-मुठेच्या संगमावर राहायचा. लढाईच्या दिवशी तो नदी ओलांडून खडकीला आपल्या फौजेत आला. मागे पेशव्यांच्या सैनिकांनी संगमावरचे बंगले लुटून पेटवून दिले. त्यात त्याचा ग्रंथसंग्रह आणि हस्तलिखितं जळाली. माणूस भयंकर वाचणारा. वर्षानुवर्षं जमवलेलं एका दिवसात राख झालं.

आता पुढचं बघा. त्याचंच काबूलवरचं पुस्तक मात्र वाचलं, कारण ते १८१५ मध्येच लंडनला छापून झालं होतं. रेसिडेंटची सरकारी पत्रं कलकत्त्याला, मुंबईला जात, त्यामुळे मजकूर एकाच घरात अडकून राहत नसे. कंपनी तर विलायतेला जाणाऱ्या पत्रांच्या दोन-तीन प्रती करून वेगवेगळ्या जहाजांनी पाठवायची. एक जहाज बुडालं तर दुसरं पोचेल, हा साधा हिशोब. १९३६ पासून जदुनाथ सरकार आणि गो. स. सरदेसाई यांच्या देखरेखीखाली पुणे रेसिडेन्सीचा पत्रव्यवहार खंडाखंडांनी छापून निघाला, तो आज कुणीही वाचू शकतो.

हे आत्ता का आठवलं, तर मागच्या आठवड्यात मी जुन्या हार्ड डिस्कवरचा सगळा माल नव्या डिस्कवर घेतला. बातम्या, खडकी बाजारातले फोटो, दारूगोळा कारखान्यातून निवृत्त झालेल्या कामगारांच्या मुलाखती. हा कारखाना १८६९ चा. तिथल्या कामाच्या कितीतरी आठवणी फक्त अशा मुलाखतींतच उरल्यात. आणि हार्ड डिस्क म्हणजे तरी काय? मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेरे घेणाऱ्या चकत्या. फिरणारी वस्तू कधीतरी थांबणारच.

म्हणून काम करताना पाळलेल्या गोष्टी सांगतो. ‘कट’ करायचं नाही, ‘कॉपी’च करायचं. मधेच वीज गेली तर मूळ फायली जागेवर राहतात. कॉपी संपली म्हणजे काम संपलं असं नाही. दोन्हीकडच्या फायलींची संख्या आणि एकूण आकार जुळवायचा, मग वेगवेगळ्या वर्षांच्या पाच-पंचवीस फायली उघडून बघायच्या. तोवर जुनी डिस्क पुसायची नाही.

यात एक गोम आहे. फाईल आली तरी ती वाचता येते का? श्रीलिपीत टाईप केलेल्या माझ्या जुन्या बातम्या त्या फॉन्टशिवाय नुसती वेडीवाकडी इंग्रजी अक्षरं दाखवतात. त्या युनिकोडमध्ये करून घेतल्या. पेशवे दप्तराचं हेच झालंय. पुण्यात हजारो रुमाल जपून ठेवलेत, पण मोडी वाचणारे थोडे. सरदेसायांनी त्यातले निवडक कागद १९३० ते १९३४ दरम्यान ४५ भागांत देवनागरीत छापले, म्हणून आपल्यासारख्यांना ते दिसले तरी.

हे सगळं फक्त घरातल्या फोटोंपुरतं नाही. २१ जून २०१२ ला मंत्रालयाला आग लागली, तेव्हा राज्याच्या फायली जळताना आपण टीव्हीवर पाहिल्या. आता आपल्या दारात बघा. पुणे आणि खडकी कॅन्टोन्मेंटचा नागरी भाग महापालिकेत घ्यायची चर्चा बरेच दिवस चालू आहे. हिमाचलमधल्या योल कॅन्टोन्मेंटचा नागरी भाग एप्रिल २०२३ मध्ये वेगळा झालासुद्धा. उद्या खडकीचं तसं झालं तर आपल्या जन्म-मृत्यूच्या नोंदी, घरपट्टीचे कागद, बांधकामाच्या परवानग्या एका कार्यालयातून दुसऱ्या कार्यालयात जाणार. बाहेर सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्ड असतं, तसं कॅन्टोन्मेंटमध्ये जनरल लँड रजिस्टर, म्हणजे जीएलआर. त्यातली एक नोंद इकडची तिकडे झाली तर एखाद्या कुटुंबाला घर आपलं आहे हे सिद्ध करत वर्षानुवर्षं फिरावं लागेल.

तेव्हा कोण कुणाकडे जाणार यावर आपण भांडतोय, ते भांडूच. पण सोबत हेही विचारूया, की नोंदी हलवताना दोन्हीकडच्या जुळवून कोण बघणार, आणि ती जुळणी होईपर्यंत मूळ रजिस्टरं कुठे राहणार? हे लेखी विचारा, पोच घ्या. तोवर आपापल्या कागदांच्या प्रमाणित प्रती काढून ठेवा. एक घरात आणि एक दुसऱ्या गावातल्या भावाबहिणीकडे.