गोला, गलता आणि पट्टी
(प्रस्तावना)

कोकणातल्या म्हसळ्यात एखाद्या जुन्या कौलारू घराच्या दारात उभे राहा आणि चौकटीच्या कडेवरून बोट फिरवा. बोट आधी एका फुगवट्यावरून घसरते, मग अरुंद सपाटीवर टेकते, मग एका पन्हळीत शिरते. सुतारकामात फुगीर तो गोला, खोलगट तो गलता, आणि मधली ती पट्टी. चौकट असो, देव्हारा असो की झोपाळ्याची कडी अडकवलेली तुळई असो, कडेची नक्षी बहुधा या तिघांचीच मांडामांड असते. कुठे गोला मोठा, कुठे दोन पट्ट्यांमध्ये गलता, एवढाच फरक.

राऊटरची, म्हणजे लाकडाची कड कोरणाऱ्या यंत्राची, बिटे कशी निवडावीत हे सांगायला लिहिलेल्या पुस्तकाची सुरुवात दुकानातून न करता दारातून करतो आहे, याचे कारण सरळ आहे. नवशिक्या मला विचारतो, ‘कोणती बिटे घेऊ?’ मी उलट विचारतो, ‘कोणती कड काढायची आहे?’ त्यावर तो गप्प होतो. मीही एकेकाळी असाच गप्प झालो होतो, म्हणून त्या शांततेचे मला हसू येत नाही.

बारा बलुतेदारांतला सुतार हे नाव ‘सूत्रधार’ या शब्दावरून आले असे मानतात. सूत धरणारा तो सूत्रधार. त्याच्या पेटीत साध्या रंध्याशेजारी नक्षीचे रंधे असत. एका आकाराला एक रंधा. रंध्याचा तळ आणि त्यातले पाते दोन्ही त्या आकाराच्या उलट घासलेले, म्हणजे गोला काढणाऱ्या रंध्याच्या पोटात गलता. रंधा कडेवरून पंधरावीस वेळा ओढला की ती उलटी सावली लाकडावर सुलटी उमटे. आजचे बिट म्हणजे तेच पाते, फक्त एका दांड्याभोवती बसवून गरागरा फिरवलेले. अमेरिकेत सिराक्यूज गावच्या आर. एल. कार्टर यांनी पहिल्या महायुद्धाच्या काळात हातात धरायचा विजेचा राऊटर आणला आणि १९२९ मध्ये स्टॅन्ले कंपनीने त्यांचा धंदा विकत घेतला. तेव्हापासून यंत्र बरेच बदलले, पण पात्याचे तर्कशास्त्र रंध्याचेच राहिले.

हे उलटेपण एकदा डोक्यात बसले की दुकानातला निम्मा गोंधळ मिटतो. ज्या बिटाच्या अंगात खोलगट वळण दिसते ते लाकडावर गोला काढते. त्याच्या पाकिटावर ‘राऊंड ओव्हर’ लिहिलेले असते. जे स्वतः फुगीर आहे ते गलता काढते, ते ‘कोव्ह’. दोन्ही वळणे एकापुढे एक जोडलेली असली की ‘ओजी’, आणि त्यातही ‘रोमन ओजी’. हे रोमन नाव मला फार आवडते. ग्रीक शिल्पी अशा कडा हाताने साधलेल्या, लंबवर्तुळाकडे झुकणाऱ्या वक्ररेषेत कोरत. रोमनांनी तेच काम कंपासाने, वर्तुळाच्या तुकड्यांत बसवले. मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटवर काचेच्या कपाटात टांगलेल्या त्या बिटावर एवढा जुना इतिहास चिकटलेला आहे, आणि विकणाऱ्याला त्याचा पत्ता असण्याचे काही कारण नाही.

आता दुकानातल्या तयार पेटीबद्दल बोलू. बारा किंवा पंधरा बिटांचा संच लाकडी डबीत मांडलेला पाहिला की मोह होतो. मी म्हणेन, घेऊ नका. त्यातली निम्मी बिटे पेटीतच म्हातारी होतात, आणि आपल्या दमट हवेत एका पावसाळ्यात त्यांच्या दांड्यांवर गंज चढतो. पहिल्या वर्षाला चारपाच पुरतात. खाच आणि झिरी पाडायला ६ आणि १२ मिलिमीटरची दोन सरळ बिटे. साचा लावून कड त्याच्याबरोबर करायला बेअरिंगचे एक सरळ बिट. साधारण ६ मिलिमीटर त्रिज्येचे गोल्याचे एक. गलत्याचे पाचवे, तेही आधीच्या चौघांशी हात जुळल्यावर. १८ मिलिमीटर म्हणून विकला जाणारा प्लाय मोजला की बऱ्याचदा थोडा कमी भरतो, त्यामुळे त्याच्या खाचेसाठी १८ चे बिट आणून उपयोग नाही. १२ च्याच बिटाने दोनदा जाऊन हवी तेवढी रुंदी काढावी.

लाकूड कोणते, यावर बिटाचा धातू ठरतो. आपल्याकडे साग म्हटले की मान आपोआप ताठ होते, पण सागाच्या अंगात सिलिका असते, म्हणजे वाळूच्या जातीचा कण. हाय-स्पीड स्टीलची धार त्यावर लवकर बोथट होते. प्लायमधला चिकटवणारा रसही तेच करतो. म्हणून पाते टंगस्टन कार्बाइडचे घ्यावे. कोबाल्टमध्ये बांधलेली ही कार्बाइडची भुकटी जर्मनीच्या क्रुप कंपनीने १९२० च्या दशकात ‘विडिया’ या नावाने बाजारात आणली. नावाचा अर्थ ‘हिऱ्यासारखे’. हिऱ्यासारखे म्हणजे कठीण, आणि ठिसूळही. फरशीवर पडले की टवका उडतो.

पात्याइतकाच दांडाही पाहावा लागतो, हे मी चुकून शिकलो. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूने किनाऱ्यावर आले तेव्हा म्हसळ्याच्या वाड्यांतले आंबे-फणस आडवे झाले. त्यातल्याच एका फणसाच्या फळीवर मी राऊटर पहिल्यांदा चालवला. पिवळीधमक फळी, मला करायचा होता चौरंग. बिट ६ मिलिमीटर दांड्याचे होते आणि माझ्या यंत्राची कॉलेट, म्हणजे दांडा पकडणारी चिमट, पाव इंचाची, म्हणजे ६.३५ मिलिमीटरची. हाताला ते घट्ट वाटले. निम्मी झिरी झाल्यावर बिट हळूहळू खाली सरकू लागले आणि झिरीचा तळ उताराच्या पाटासारखा खोल होत गेला. फळी जाड होती म्हणून बिट आरपार गेले नाही. दोष यंत्राचा नव्हता, दुकानदाराचाही नव्हता. पाकिटावरचा आकडा मी वाचलाच नव्हता. दांडा आणि कॉलेट यांचे माप हुबेहूब एक हवे. दांडा तळाला टेकवून मग दोनतीन मिलिमीटर वर घ्यावा आणि घट्ट करावा.

यंत्राला चालत असेल तर जाड दांडा घ्यावा, असे मी का म्हणतो तेही सांगतो. दांड्याचा ताठपणा जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो. पाव इंचाच्या जागी अर्धा इंच घेतला तर तो दुप्पट नव्हे, सोळापट ताठ होतो. बिट थरथरत नाही, आणि कडेवर लाटा उमटत नाहीत.

वेगाचेही गणित एकदा करून पाहावे. मिनिटाला २४ हजार फेऱ्यांना ६ मिलिमीटर बिटाची धार ताशी २७ किलोमीटरने फिरते, घाट चढणाऱ्या एसटीसारखी. त्याच फेऱ्यांना ५० मिलिमीटर बिटाची धार ताशी २२६ किलोमीटर गाठते. निसर्ग वादळाचा वारा ताशी शंभराच्या पुढे गेला होता, त्याने काय झाले ते आपण पाहिले आहे. म्हणून २५ मिलिमीटरपर्यंतच्या बिटाला पूर्ण वेग, ५० ला १६ ते १८ हजार, आणि ७५ च्या पुढे १२ हजार किंवा त्याहून कमी. ट्रिमर या छोट्या राऊटरचा वेग बहुधा तीस हजारांच्या आसपास असतो, आणि पुष्कळ ट्रिमरांत तो कमी करताच येत नाही. त्यात रुंद बिट घालू नये. एका खेपेत तीनेक मिलिमीटरच लाकूड काढावे. जळका वास आला तर हात फार हळू चालला आहे, किंवा धार गेली आहे.

बाकीचे सगळे, म्हणजे बाहेरची कड डावीकडून उजवीकडे का घ्यायची, वर उपसणारे आणि खाली दाबणारे पिळाचे बिट कुठे वापरायचे, हे पुढच्या प्रकरणांत सविस्तर आले आहे. पान उलटण्याआधी मात्र सोल्डरिंगची मऊ तार हातभर घ्या. घरातल्या किंवा आजोळच्या जुन्या चौकटीच्या नक्षीवर ती बोटांनी दाबत न्या, न वाकवता अलगद उचला आणि कागदावर ठेवून पेन्सिलीने बाजूने रेघ काढा. त्या रेघेत गोला कुठे संपतो आणि पट्टी कुठे सुरू होते तिथे खुणा करा. तो कागद या पुस्तकातच ठेवा. तिसऱ्या प्रकरणात लागणार आहे.