दुसरा प्रश्न

विधानसभेच्या तारांकित प्रश्नाचा साचा माझ्या बोटांना अजून पाठ आहे. वर प्रश्नाचा क्रमांक, त्याखाली सदस्यांची नावे, मग ‘सन्माननीय मुख्यमंत्री पुढील गोष्टींचा खुलासा करतील काय’ आणि खाली कलमे. पहिले कलम ‘हे खरे आहे काय’ असे संपायचे. दुसरे ‘असल्यास’ने सुरू व्हायचे. मध्ये चौकशी केली आहे काय, तीत काय आढळून आले, दोषींवर कोणती कारवाई केली. आणि शेवटचे कलम, जे मला सगळ्यांत आवडायचे: ‘नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?’

मी मंत्रालयात नगरविकास विभागात सहायक म्हणून लागले आणि कक्ष अधिकारी म्हणून निवृत्त झाले. ते खाते बहुतेक काळ मुख्यमंत्र्यांकडेच असायचे. त्यामुळे राज्याच्या प्रमुखाने सभागृहात उभे राहून काय म्हणायचे, याचा पहिला कच्चा मसुदा आमच्या टेबलावर व्हायचा. तो अवर सचिव, उपसचिव, सचिव असा चढत सहाव्या मजल्यावर जायचा आणि मुख्यमंत्र्यांची सही झाली की ते उत्तर त्यांचे होऊन जायचे. या कामाची मला फार ओढ होती. एरवी फाइलला वेळकाळ नसते. प्रश्नाला तारीख असते.

नव्वदच्या दशकातले एक नागपूर अधिवेशन. डिसेंबरची थंडी, मुंबईहून ट्रंकांत भरून आणलेल्या फायली, सिव्हिल लाइन्समधल्या गाळ्यांत रात्री उशिरापर्यंत चाललेले टंकलेखन. एका नगरपरिषदेच्या सफाई कामगारांना चार महिने वेतन मिळाले नाही, हे खरे आहे काय, असा प्रश्न होता. नगरपरिषदेकडून जिल्हाधिकाऱ्यांकडे आणि तिथून आमच्याकडे फॅक्सने उत्तर आले: ‘हे खरे नाही. कर्मचाऱ्यांचे वेतन अदा करण्यात आले आहे.’ मी तेच नीटनेटके करून वर पाठवले. साहजिकच पुढच्या सगळ्या कलमांसमोर ‘प्रश्न उद्भवत नाही’ असे लिहिले.

दुसऱ्या दिवशी मी अधिकारी दीर्घेत बसले होते. छापील उत्तर पटलावर होतेच. ज्यांचा प्रश्न होता ते सदस्य उभे राहिले आणि एवढेच म्हणाले, “कोणत्या महिन्यापर्यंतचे वेतन अदा केले? आणि रोजंदारीवरच्या कामगारांचे काय?” मुख्यमंत्र्यांनी टिपणी उलटली, दीर्घेकडे पाहिले. आमच्याकडून चिठ्ठी जायला हवी होती. आमच्याकडे लिहायला काहीच नव्हते. ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, “ही माहिती आत्ता माझ्याकडे नाही. प्रश्न राखून ठेवावा.” अध्यक्षांनी तो राखून ठेवला.

तेव्हापासून उपप्रश्नाचा, म्हणजे त्या दुसऱ्या प्रश्नाचा इतिहास शोधायचे मला वेड लागले. सुट्टी मिळाली की विधान भवनाच्या ग्रंथालयात जाऊन बसायचे.

१८६१ च्या कायद्याने देशात कायदे कौन्सिले झाली, पण समोर आलेल्या विधेयकापलीकडे सदस्यांना बोलता येत नसे. सरकारला प्रश्न विचारण्याची मुभा मिळाली ती १८९२ च्या कायद्याने. पुढच्याच वर्षी केंद्रीय कौन्सिलात पहिला प्रश्न आला तो भिंग्याच्या राजांचा. विषय होता दौऱ्यावरच्या अधिकाऱ्यांसाठी गावच्या दुकानदारांना सक्तीने रसद पुरवावी लागते, त्यात त्यांचे हाल होतात, हा. एवढ्या मोठ्या साम्राज्याच्या दरबारात पहिला प्रश्न पीठ-तुपाच्या सक्तीचा निघाला, हे वाचून मला गहिवरून आले होते. आपल्याकडच्या वेठबिगारीचाच तो भाऊबंद. माझ्या टेबलावरचे प्रश्नही त्याच जातीचे असायचे: नळ, गटार, पगार, पट्टी.

पण १८९२ च्या मुभेला एक कुलूप होते. प्रश्न आगाऊ द्यायचा, सरकारतर्फे उत्तर वाचले जाणार आणि तिथेच संपले. उत्तरावर चर्चा नाही, पुढचा प्रश्न नाही. लोकमान्य टिळक १८९५ मध्ये मुंबईच्या कौन्सिलात निवडून गेले ते या नियमाखाली. गोखले आधी मुंबईच्या आणि १९०२ पासून केंद्रीय कौन्सिलात बसले तेही याच नियमाखाली. ज्या दोघांची जीभ आणि आकडेवारी सरकारला जड जात होती, त्यांना समोरच्या उत्तराला “म्हणजे किती?” एवढे विचारायचीही सोय नव्हती. ते कुलूप निघाले १९०९ च्या सुधारणांत, तेही अर्धेच: ज्याचा मूळ प्रश्न, त्यालाच पुरवणी प्रश्न विचारता येईल. इतर सदस्यांना तो हक्क मिळायला माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणा याव्या लागल्या. १९२१ मध्ये नव्या केंद्रीय विधिमंडळात तोंडी उत्तराच्या प्रश्नावर तारा छापू लागले, तोच आपला ‘तारांकित’. पहिल्या प्रश्नाच्या मुभेपासून दुसऱ्या प्रश्नाच्या मुभेपर्यंत सतरा वर्षे लागली, आणि तो सगळ्या सभागृहाचा व्हायला आणखी एक तप. राज्यकर्त्यांना भीती कशाची होती, हे त्या वर्षांतून कळते. पहिल्या प्रश्नाचे उत्तर कचेरी देते. दुसऱ्याचे उत्तर समोर उभ्या असलेल्या माणसालाच द्यावे लागते.

तरीही तोवर उत्तर देणाऱ्या सरकारचा प्रमुख लोकांनी निवडलेला नव्हता. आपल्या मुंबई प्रांतात ते घडले १९३७ मध्ये. १९३५ च्या कायद्याखाली निवडणुका झाल्या आणि जुलैत काँग्रेसचे बाळासाहेब खेर प्रांताचे प्रमुख झाले. तेव्हा प्रांताच्या प्रमुखालाही पंतप्रधानच म्हणत. अध्यक्षांच्या खुर्चीत गणेश वासुदेव मावळंकर, जे पुढे १९५२ मध्ये लोकसभेचे पहिले अध्यक्ष झाले. समोर जमनादास मेहता आणि स्वतंत्र मजूर पक्षाचे नेते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. पावसाळी अधिवेशन पुण्याच्या कौन्सिल हॉलमध्ये भरायचे. तिथेच १७ सप्टेंबर १९३७ रोजी बाबासाहेबांनी खोती रद्द करण्याचे विधेयक मांडले. खेर स्वतः रत्नागिरीचे. कोकणातल्या खोताचे आणि कुळाचे नाते त्यांना कोणी समजावून सांगायला नको होते. पुढच्या वर्षी सरकारने औद्योगिक कलहाचे विधेयक आणले. संपाच्या हक्कावर त्यात बंधने होती. बाबासाहेबांनी सभागृहात त्याला कडाडून विरोध केला आणि ७ नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबईच्या कामगारांनी त्याविरुद्ध एक दिवसाचा संप केला.

मला या सभागृहाबद्दल फार आदर वाटतो, आणि तो एका बाजूबद्दल नाही. ज्यांनी वर्षानुवर्षे सरकारला जाब विचारला, तुरुंग भोगला, त्यांच्यावर जाब देण्याची पाळी आली होती. आणि विचारणारा साहेबाला नाही, आपल्याच माणसाला विचारत होता. हे जास्त अवघड असते. सव्वादोन वर्षांतच, १९३९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात, युद्धाच्या प्रश्नावर काँग्रेस मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले आणि १९४६ पर्यंत प्रांतात गव्हर्नरचा कारभार चालला. त्या साडेसहा वर्षांत मुंबई प्रांतात कोणीही उभे राहून सरकारच्या प्रमुखाला काही विचारू शकले नाही.

ज्यांच्याकडून आपण ही रीत घेतली त्या इंग्रजांकडे पहिल्या प्रश्नाची नोंद १७२१ ची आहे. साउथ सी कंपनीचा रोखपाल रॉबर्ट नाइट देशाबाहेर पळाला होता. त्याला पकडले, ही बातमी खरी काय, असे अर्ल काउपर यांनी उमरावांच्या सभागृहात विचारले आणि सरकारचे प्रमुख अर्ल ऑफ संडरलंड यांनी उत्तर दिले. तिथेही सुरुवात ‘हे खरे आहे काय’नेच! पंतप्रधानांसाठी ठरलेली वेळ मात्र तिथे फार उशिरा, १९६१ मध्ये आली, आठवड्यातून दोनदा पंधरा-पंधरा मिनिटे. १९९७ पासून बुधवारी सलग अर्धा तास. त्यातली एक गोष्ट मला कामाची वाटली. तिथे छापील पहिला प्रश्न असतो, ‘पंतप्रधान आजचा आपला कार्यक्रम सांगतील काय’. त्याला काही अर्थ नसतो. दुसरा प्रश्न विचारता यावा म्हणून मारलेली ती नुसती खुंटी. आपल्याकडे पहिला प्रश्नही भरीव असतो. त्यामागे जिल्ह्यातून माहिती चालत येते आणि कैकदा उत्तर द्यायच्या भीतीनेच थकलेला पगार निघतो, बंद नळ सुटतो. ही आपली रीत मला अधिक चांगली वाटते.

लोकसभेतही बुधवार पंतप्रधानांच्या खात्यांचा. पण प्रश्नोत्तरांनी देश हलला तो अर्थमंत्र्यांच्या खात्यावरून, १९५७ मध्ये. आयुर्विमा महामंडळाने हरिदास मुंदडांच्या कंपन्यांचे शेअर्स घेतले, त्यावर राम सुभग सिंह यांनी प्रश्न विचारला. उत्तर गुळमुळीत आले आणि शंका वाढली. डिसेंबरात फिरोझ गांधींनी सगळा व्यवहार सभागृहात उलगडला. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती छागला यांनी मुंबईत उघड चौकशी केली आणि फेब्रुवारी १९५८ मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णमाचारींनी राजीनामा दिला. नेहरूंच्या बहुमताला धक्काही लागला नव्हता. तरी मंत्र्याला जावे लागले.

महाराष्ट्रात दुसऱ्या प्रश्नाची कला ज्यांनी जपली त्यांत मी शेतकरी कामगार पक्षाच्या गणपतराव देशमुखांचे नाव आधी घेईन. सांगोल्यातून ते अकरा वेळा निवडून आले. ते उभे राहिले की आम्ही दीर्घेत टिपण्या चाळायला लागायचो. आवाज चढलेला नसायचा, पण आकडा कुठे लपला आहे ते त्यांना माहीत असायचे.

२०२० च्या सप्टेंबरात, साथीच्या काळात, संसदेच्या अधिवेशनात प्रश्नोत्तरांचा तास झाला नाही. लेखी उत्तरे मिळाली. पुष्कळ जण म्हणाले, उत्तरे तर मिळतातच, मग बिघडले काय? मी घरी बसून ते ऐकत होते आणि मला राग येत होता. लेखी उत्तर म्हणजे १८९२. ‘हे खरे नाही, वेतन अदा करण्यात आले आहे’ एवढे लिहून मिळाले असते, तर त्या कामगारांचे पुढे काय झाले असते ते मला ठाऊक आहे. ते उत्तर मीच लिहिले होते.

नागपूरला त्या दिवशी संध्याकाळी अवर सचिव साहेबांनी मला बोलावले. रागावले नाहीत. फॅक्सवर बोट ठेवून म्हणाले, “बाई, ‘कर्मचारी’ म्हणजे कोण, हे आपण विचारलंच नाही.” रात्रीच जिल्ह्याला फोन लागले. दुसऱ्या दिवशी दुपारी हजेरीपटाच्या प्रती आल्या. कायम कामगारांचा पगार झाला होता, रोजंदारीवाल्यांचा नव्हता. नगरपरिषदेने शब्द बरोबर वापरला होता आणि माणसे गाळली होती.

राखून ठेवलेला प्रश्न त्याच अधिवेशनात पुन्हा आला. मी नवा मसुदा केला. पहिल्या कलमासमोर लिहिले: ‘हे अंशतः खरे आहे.’ थकीत वेतन किती तारखेपर्यंत देणार, ती तारीख घातली. मग शेवटच्या कलमापाशी आले. ‘प्रश्न उद्भवत नाही’ या शब्दांवर रेघ मारली आणि त्याखाली विलंबाची कारणे लिहायला घेतली. चार ओळी झाल्या.