भंडारा प्रांतांतील तळीं, निस्तार आणि सारस पक्षी

भंडारा हें नांव कागदोपत्रीं पुष्कळ जुनें आहे. रतनपूरच्या पहिल्या जाजल्लदेवाच्या इ. स. १११४ च्या शिलालेखांत लांजिका व वैरागर यांच्या जोडीला भाणार या मंडलाचा उल्लेख येतो, आणि भाणार म्हणजेच भंडारा असें सामान्यतः मानितात. परंतु ज्या तळ्यांमुळें हा मुलूख ओळखला जातो, त्यांविषयीं तो लेख मुका आहे. तळ्यांची हकीकत शोधावयाची तर ती मालगुजारांच्या रुमालांत, वाजिबुलअर्जांत आणि पाळीवरच्या देवस्थानांत शोधावी लागते. प्रस्तुत लेखांत तळ्यांच्या बांधणीपेक्षां तळ्यांवरील हक्कांच्या वांटणीचा विचार अधिक केला आहे. सारस पक्षी या प्रांतांत कां टिकला आणि कां नाहींसा होत आला, याचें बरेंचसें उत्तर त्या वांटणींत आहे असें प्रस्तुत लेखकास वाटतें. येथें भंडारा म्हणजे जुना जिल्हा समजावा. १ मे १९९९ रोजीं गोंदिया त्यांतून वेगळा झाला.

चांद्याच्या एका गोंड राजानें काशीकडून कोहळी लोक आणविले आणि जो तळें बांधील त्यास त्याखालीं भिजेल तेवढी जमीन देऊं केली, अशी परंपरा आहे. अस्सल सनद हातीं असल्यावांचून ही गोष्ट अक्षरशः खरी धरूं नये. पण कोहळ्यांचें कसब मात्र वादातीत आहे. दोन टेकड्यांमधील खिंड हेरून मातीची पाळ घालणें, पाणी सोडण्यास तुडुम बसविणें, आणि खालच्या शेतांत धान व ऊंस पिकविणें, ही त्यांची विद्या होय. नवेगांवबांध हें तिचें सर्वांत मोठें उदाहरण. तें कोलू पाटील कोहळी यानें बांधिलें असें सांगतात. भोंवतालच्या सात टेकड्यांस सात बहिणी म्हणतात, आणि खुद्द कोलू पाटील कोलासूर देव होऊन बसला आहे. बांधणारालाच देव केल्यावर पाळीची माती उकरून नेण्यास कोण धजेल? पाळीच्या रक्षणाची याहून स्वस्त तजवीज कोणत्याही सरकारास सुचली नसती.

इ. स. १८६० नंतरच्या दशकांत बंदोबस्त झाला, मालगुजारांस मालकी मिळाली, आणि गांवोगांवच्या वहिवाटी वाजिबुलअर्जांत लिहिल्या गेल्या. चराई, जळण, पाण्याची वांट, मासेमारी, यांत कोणाचा काय हक्क, हें त्यांत नमूद होतें. ढिवरांनीं मासे धरावे व शिंगाडा लावावा, कास्तकारांनीं पाळीची डागडुजी करावी व गाळ शेतांत न्यावा, असा हा व्यवहार असे. यांत पक्ष्यांचें नांव नाहीं. आमचे पूर्वज पक्ष्यांवर प्रेम करीत म्हणून पक्षी राहिले, असें म्हणण्याची हल्लीं रीत पडली आहे. कागद तसें म्हणत नाहींत. ज्या तळ्यांत पांच जणांचा वांटा आहे तें कोणा एकाला बुजवितां येत नाहीं, आणि तें राहिलें म्हणजे त्यांतील कमळें, मासे व पांखरेंही राहतात, इतकेंच त्यांवरून निघतें.

श्रद्धा नव्हती असें मात्र नव्हे. रसेल व हिरालाल यांनीं १९१६ सालीं छापिलेल्या ग्रंथांत पांच देव मानणारे गोंड सारसास पवित्र मानितात असें नोंदविलें आहे. तरीही गेल्या शतकाच्या अखेरीस धानाची नासाडी होते या समजुतीनें सारसांचीं अंडीं फोडलीं जात. हा पक्षी मनुष्याएवढा उंच. पावसाळ्यांत भरल्या बांधींत गवताचा ढीग रचून त्यावर बहुधा दोन अंडीं घालतो, आणि नरमादी आळीपाळीनें महिनाभर तीं उबवितात. तेवढी जागा पिकाविना जाते. रोंवणीच्या दिवसांत ती शेतकऱ्याच्या डोळ्यांत भरणारच.

मध्यंतरीं काय घडलें? ३१ मार्च १९५१ रोजीं मालगुजारी संपली आणि तळीं सरकारजमा झालीं. मालगुजारीच्या अन्यायांविषयीं येथें वकिली करावयाची नाहीं. पण पाळ कोणी बांधावी या प्रश्नास मग गांवांत उत्तर उरलें नाहीं. पूर्व विदर्भाच्या चार जिल्ह्यांत अशीं साडेसहा हजारांहून अधिक तळीं आहेत. त्यांतील पुष्कळ गाळानें उथळ झालीं, कांहींत बेशरम माजली, आणि शहरांलगतच्या तळ्यांवर घरें चढलीं.

सारसांच्या जोड्या बोटांवर मोजण्याइतक्या उरल्या, तेव्हां गोंदियाच्या 'सेवा' या संस्थेच्या तरुणांनीं शेतकऱ्यांशीं बोलणें सुरू केलें. परसवाडा व झिलमिली यांसारख्या गोंदिया शहराजवळच्या तळ्यांवर त्यांनीं पहारे ठेविले, आणि ज्याच्या बांधींत घरटें त्यासच त्याचा राखणदार केलें. दर वर्षीं जूनच्या सुमारास गांवकरी, ही मंडळी व वनखातें मिळून शिरगणती करितात. गोंदियाकडे संख्या बरीच वाढली. खुद्द आजच्या भंडारा जिल्ह्यांत मात्र ती अगदीं नाममात्र राहिली. याआधींची अशी दुसरी जोडी म्हणजे नवेगांवचे माधवराव पाटील डोंगरवार आणि वनाधिकारी मारुती चितमपल्ली. एकाजवळ तळ्याचें पिढीजात ज्ञान, दुसऱ्याजवळ लेखणी. नवेगांवचें राष्ट्रीय उद्यान १९७५ सालीं झालें.

संग्राहकांस एक विनंती आहे. निस्तारपत्रक व वाजिबुलअर्ज हे निव्वळ जुने कागद नव्हेत. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ हिच्या १६१ व १६५ या कलमांत त्यांना आजही स्थान आहे. तळें बुजविणारापुढें ढिवरास ठेवतां येईल असा पुरावा तोच. असें असतां जुन्या वाड्यांतील मोडी व उर्दूमिश्रित दप्तरें रद्दीच्या भावानें जातांना प्रस्तुत लेखकानें पाहिलीं आहेत. आपण मंडळी राजांच्या सनदांस हजारों रुपये देतों आणि गांवच्या पाण्याची यादी तशीच सोडून येतों. साकोली, पवनी, तुमसर या बाजूस कोणास असा रुमाल मिळाल्यास निदान ज्या पानांवर तळ्याचें नांव, तुडुमाची जागा व मासेमारीचा हक्क लिहिला आहे, तेवढ्यांची नक्कल करून घ्यावी, आणि मूळ कागद ज्या गांवचा असेल त्या ग्रामपंचायतीस तिची एक प्रत द्यावी.