फोटोत न आलेले हात

माझी एक सहशिक्षिका मॉरिशसची मराठी आहे. मोका येथील महात्मा गांधी संस्थेत शर्तबंद मजुरांची जुनी दप्तरे जपलेली आहेत. तिथून तिने आपल्या पूर्वजाच्या फोटोची प्रत मिळवली. इथे दुबईत, अल कुसैसला, मधल्या सुट्टीत ती आम्ही पाहत होतो. वह्या ठेवायला आलेली चौथीतली मुलगी मध्येच डोकावली आणि म्हणाली, "टीचर, यांचे हात कुठे आहेत?"

खरेच, हात नव्हते. डोळे कॅमेऱ्याकडे रोखलेले, खांद्यावर कापड, आणि छातीपाशी फोटो संपलेला.

त्या मुलीच्या प्रश्नामुळे मी थोडे वाचन केले. २ नोव्हेंबर १८३४ रोजी 'अ‍ॅटलस' जहाज पोर्ट लुईला लागले. तेव्हापासून पुढच्या आठ-नऊ दशकांत हिंदुस्थानातून जवळजवळ पाच लाख माणसे त्या बेटावर उतरली, हे आपल्याला पाठ आहे. मुंबई बंदरातून गेलेल्यांत रत्नागिरीकडचे लोक पुष्कळ होते, आणि मुंबईची ही वाहतूक मुख्यतः १८६५ च्या आधीची. फोटोची सक्ती मात्र १८६७ च्या कायद्याने आली. पाच वर्षांचा करार पुरा केलेल्या 'जुन्या' मजुराने स्वतःचा फोटो लावलेले तिकीट जवळ बाळगायचे, पोलिसांचा पासही बाळगायचा, आणि मागितला की दाखवायचा. म्हणजे आपल्यापैकी अनेकांच्या घरी पूर्वज 'आले तेव्हाचा' म्हणून दाखवला जाणारा फोटो बहुधा येण्याचा नाहीच. करार संपवून मोकळे होऊ पाहणाऱ्या माणसाला पुन्हा पकडता यावे, यासाठी तो काढलेला आहे. त्या चेहऱ्यांवर हसू का नाही, हे मला हे वाचल्यावर कळले.

पकडायला चेहरा पुरतो. हात कशाला हवेत? नोंदवहीत नाव, बापाचे नाव, वय, उंची, गाव, जिल्हा आणि अंगावरची खूण लिहीत. हाताचा उल्लेख आलाच तर तिथे, एखाद्या व्रणापुरता. ज्या हातांनी शेतातले काळे दगड वेचून त्यांचे ढीग रचले, ऊस लावला, तोडला, त्या हातांना काय येत होते याचा रकाना त्या वहीत नव्हता.

एक अडचण तंत्राचीही होती, तीही सांगितली पाहिजे. त्या काळची काच ओली असतानाच फोटो घ्यावा लागे आणि कित्येक सेकंद निश्चल बसावे लागे. हलता हात म्हणजे नुसता धूर. त्याच सुमारास मुंबईत विल्यम जॉन्सन तिथल्या जातीजमातींचे फोटो काढत होता. त्याचे दोन खंड १८६३ आणि १८६६ मध्ये निघाले. स्टुडिओत उभी केलेली माणसे कापून शहराच्या दृश्यांवर चिकटवलेली! काम करणारा माणूस दाखवायचा तर त्याचे काम आधी थांबवावे लागे.

हे सगळे वाचून झाल्यावर मीही तेच केले.

आमच्या गल्लीत शाळेचे गणवेश शिवणारा एक शिंपी आहे, बिहारचा. मुलांसाठी 'कामाचे हात' असा तक्ता करायचा होता. इथे परवानगीवाचून कुणाचा फोटो काढणे हा गुन्हा आहे, म्हणून रीतसर विचारले. (१८६७ साली कुणी कुणाला विचारले असेल?) तो सदऱ्याला हाताने काज करत होता. मी म्हटले, "भैया, जरा थांबा, सुई अशीच वर धरा." फोटो छान आला असे मला वाटले. सुईवर उजेड, बोटात अंगुस्तान, बाकी सगळे अंधारात.

दुसऱ्या दिवशी मी तो छापून नेला. त्याने चष्मा लावून पाहिला. पहिला दोष त्याने कामाचा काढला: सुई अशी धरली तर टाका पडणार नाही, बोटात घुसेल. दुसरा दोष मी कधीच ओळखला नसता. काजाचे कसब सुईच्या हातात नसते म्हणाला, डाव्या हातात असते. कापड किती ताणायचे ते डावी बोटे ठरवतात. आणि डावा हात मी फोटोत घेतलाच नव्हता. मग तो हसून म्हणाला, "आणि मॅडम, यात मी कुठे आहे?"

मी गप्प बसले. त्या तिकिटांवर हातांवाचून चेहरा होता. मी चेहऱ्यावाचून हात काढून आणले होते, तेही एकच. आज मजुरांचे असे फोटो भिंतीवर फार शोभून दिसतात, पण ते कुणाचे आहेत हे आईलाही ओळखता येत नाही.

त्यानंतर तीन वेळा गेले. 'थांबा' म्हटले नाही. पुष्कळ फोटो हलले. शेवटी एक त्याला पसंत पडला. मान खाली, डावी बोटे कापडावर ताणलेली, आणि उजवा हात थोडा पुसट, कारण तो खरोखरच चालू होता. मला तो पुसटपणा खटकत होता. तो म्हणाला, "हाच ठेवा." तक्त्यावर त्याचे नाव त्याच्याच हाताने लिहून घेतले.

तेव्हा मला १८७१ चा अर्ज आठवला. तिकिटांच्या आणि पासांच्या जाचाविरुद्ध आदोल्फ द प्लेवित्झ यांच्या मदतीने ९,४०१ जुन्या मजुरांनी तो दिला, आणि पुढच्याच वर्षी चौकशीसाठी राजेशाही आयोग बेटावर आला. तिकिटावरच्या फोटोत न आलेले हात त्या कागदावर आहेत.

माझ्या सहशिक्षिकेने मग मॉरिशसला आपल्या मावशीला फोन लावला आणि विचारले, त्यांना हाताने काय येत होते गं? मावशी बराच वेळ बोलली. घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगतात की ते मांडीवर काथ्याचा दोर वळत, आणि गाठ डाव्या हाताने मारत. फोन ठेवून तिने फोटोची प्रत उलटी केली आणि मागे पेन्सिलीने तेवढेच लिहून ठेवले.