सहा फ्लॅटची बिल्डिंग

श्रीगोंद्याहून काकांचा फोन. सहा फ्लॅटची बिल्डिंग आहे, बिल्डर म्हणतो रेराचा नंबर लागतच नाही. फसवतोय का रे?

गंमत म्हणजे, नाही! 2016च्या कायद्यात 500 चौरस मीटरपर्यंतची जागा किंवा 8 पर्यंत फ्लॅट असले की नोंदणीतून सूट आहे. तालुक्याच्या गावात बिल्डिंगा असतातच तेवढ्या.

मग उरला 1963चा मोफा. करार रजिस्टर होईपर्यंत 20 टक्क्यांवर पैसे घ्यायचे नाहीत, सोसायटी झाली की जमीन तिच्या नावावर करून द्यायची. कित्येक बिल्डरांनी जमीन दिलीच नाही. शेवटी 2008 मध्ये 'मानीव अभिहस्तांतरण' (हुश्श!) आणावं लागलं. तब्बल 45 वर्षांनी!

काकांना म्हटलं, टोकन देऊ नका. आधी सातबारा पाठवा.