गळका ब्रेक आणि थांबण्याचे दोन न्याय

जुन्या स्पोर्ट्स कारचे कॅलिपर गळू लागले की गाडी थांबेनाशी होते; जुन्या रेल्वेचा ब्रेक गळला की गाडी हलेनाशी होते. हा विरोध एका अपघातातून जन्मला.

१२ जून १८८९. आयर्लंडमधील आर्माजवळ सहलीची गाडी चढावर अडकली. मागचे डबे सोडवताच त्यांचा साधा व्हॅक्यूम ब्रेक निकामी झाला. ते उतारावरून घसरत मागून येणाऱ्या गाडीवर आदळले. सुमारे ८० माणसे दगावली, त्यांत मुले पुष्कळ. त्याच वर्षी ब्रिटिश संसदेने प्रवासी गाड्यांना स्वयंचलित ब्रेक सक्तीचा केला. आता निर्वात गाडीला मोकळी ठेवी आणि आत शिरलेली हवा ब्रेक लावी. अकोला-बडनेरा मार्गावर अनेक दशके साखळी ओढताच गाडी थांबे, ती याच तत्त्वाने. (ओढणाऱ्याला आर्मा कोठून ठाऊक असणार!)

मोटारीने द्रवदाब स्वीकारला. १९५३ साली ले मान्सची शर्यत जॅग्वारने डिस्क ब्रेकच्या बळावर जिंकली. पण येथे गळती म्हणजे दाबच नाहीसा. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषते, पिस्टन गंजतो, सील झिजते. अशा वेळी नुसते ऑइल भरत राहणे घातक. खड्डे पडलेल्या पिस्टनवर नवे सीलही टिकत नाही, तो बदलावाच लागतो.